धुराड्यातल्या शाली

आमच्या छोट्याशा मराठी मंडळाची दोन मंडळं झाली, त्याचं कारण आमच्या घराच्या धुराड्यात होतं.

कॅनडातल्या आमच्या रेजिना शहरातले लोक या फुटीची निरनिराळी कारणं सांगतात. कुणी म्हणतं, तात्त्विक मतभेद होते. कुणी म्हणतं, नागपूर विरुद्ध पुणे. कुणी शपथेवर सांगतं की गणपतीच्या जेवणात मसालेभात करायचा की पुलाव, यावरून सगळं झालं. मी तेव्हा अध्यक्ष होतो, त्यामुळे खरं कारण मला माहीत होतं. आणि मी अध्यक्ष होतो, म्हणूनच ते मी कुणाला सांगितलं नाही. आता वय झालं. गुडघे गेले, कान निघायच्या तयारीत आहेत, तेव्हा एकदाचं खरं काय ते लिहून टाकतो.

आम्ही हे घर घेतलं तेव्हाच ते शंभरीला टेकलेलं होतं. विटांचं, उंच छताचं, जिन्याला नक्षीदार कठडा असलेलं. "घराला कॅरेक्टर आहे हो!" असं माझी बायको मंदा म्हणाली. कॅरेक्टर म्हणजे फटी, हे पहिल्या हिवाळ्यात कळलं. दिवाणखान्यात एक फायरप्लेस होती. फायरप्लेसमधून ऊब येते असा माझा समज होता. आमच्या फायरप्लेसमधून उत्तर ध्रुव येत होता! बाहेर उणे पस्तीस, वर वारा, आणि तो वारा धुराड्यातून थेट माझ्या पायजम्यात. मंदा केतकीला, म्हणजे आमच्या मुलीला, घेऊन भावाच्या लग्नाला नाशिकला गेलेली. मी घरात एकटा, कानटोपी घालून, ओव्हनचं दार उघडून त्याच्यासमोर जेवत होतो.

शेवटी मी बेसमेंटमध्ये गेलो. तिथे मंडळाचं सामान असायचं. समया, तोरणं, सतरंज्या आणि एक भलीमोठी पिशवी. त्या पिशवीत शाली होत्या. मरून रंगाच्या, सोनेरी काठाच्या, जाडजूड लोकरीच्या. पाहुण्यांच्या सत्कारासाठी आमचा कार्यवाह दिगंबर याने त्या भारतातून स्वतःच्या सामानात आणल्या होत्या आणि माझ्याकडे ठेवायला दिल्या होत्या. (त्या आणताना त्याला आईने दिलेलं लोणचं विमानतळावर काढून ठेवावं लागलं होतं. हे त्याने मला अनेकदा ऐकवलं आहे.)

मी फायरप्लेसमध्ये गुडघ्यांवर बसलो आणि धुराड्याच्या झडपेच्या वर, हात पोचेल तिथवर, एकेक शाल कोंबत गेलो. वारा थांबला. मला इतका आनंद झाला की मी लगेच फायरप्लेसच्या तोंडावर प्लायवूड स्क्रूने बसवलं, त्याला भिंतीचा रंग दिला आणि पुढे पुस्तकांचं कपाट सरकवलं. हे सगळं तात्पुरतं होतं. उन्हाळा आला की काढायचं, असं माझं पक्कं ठरलं होतं. फक्त उन्हाळा यायच्या आधी पाडवा आला.

पाडव्याला मंडळाचा वार्षिक कार्यक्रम. शाळेचा हॉल भरलेला. टोरांटोहून आलेले प्रमुख पाहुणे मंचावर उभे, हातात नारळ, खांदे शालीसाठी किंचित पुढे काढलेले. आणि शाल नाही! दिगंबर माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "वश्या, शाली कुठायत?"

"मला काय माहीत? तुझ्याकडे असतील."

"अरे, मी तुझ्या बेसमेंटमध्ये ठेवल्या! आठव ना!"

"माझ्याकडे काही नाहीत. तू हरवल्यास, तर तसं सांग ना!"

माइक चालू होता.

आता मी खरंच विसरलो होतो, हे कुणालाही पटणार नाही. पण त्या क्षणी मला खरोखर काही आठवत नव्हतं. हॉलभर हशा झाला. पाहुण्यांच्या खांद्यावर कुणीतरी स्वतःचा मफलर टाकला. दिगंबरने माझ्याकडे एकदा पाहिलं, चपला घातल्या (बर्फात, चपला!) आणि तो निघून गेला. त्याच्यामागे काही घरं गेली. जाताना ती घरं आमची जिलेबीही घेऊन गेली.

मला आठवलं तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणजे तासभर झाला होता. घरी येऊन कोट काढला, दिवाणखान्यात उभा राहिलो, आणि लक्षात आलं की खोली छान उबदार आहे. ती उबदार का आहे, हेही लक्षात आलं. मी फोनकडे हात नेला. तेवढ्यात तोच वाजला. "कळलं का? दिगंबररावांनी नवं मंडळ काढलं!" मी फोन खाली ठेवला. नव्या मंडळाच्या अध्यक्षाला जुन्या मंडळाच्या अध्यक्षाने फोन करून "तुझं बरोबर होतं" असं सांगायचं? अशी प्रथा आपल्याकडे नाही.

तेव्हापासून 'वश्या' आणि 'दिग्या' संपले. 'वसंतराव' आणि 'दिगंबरराव' सुरू झाले. रेजिनात दोन गणपती बसू लागले, दोन कोजागिऱ्या होऊ लागल्या, आणि दोन्हीकडच्या बायका दोन्हीकडे जेवू लागल्या. असं चाललं असतं आयुष्यभर. पण मुलांना मंडळाची घटना कुठे वाचता येते? आमची केतकी आणि दिगंबररावांचा निखिल यांनी टोरांटोला शिकता शिकता लग्न ठरवलं!

लग्नात व्याहीभेटीच्या वेळी मी दिगंबररावांच्या खांद्यावर घालायला शाल पुढे केली. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"नको, वसंतराव. मी शाल घेणं सोडलंय. आणि तुमच्याकडे शाल आहे, हेच मोठं नवल!"

सगळे हसले. मीही हसलो. माझं हसणं व्हिडिओत आहे. दाढ दुखणाऱ्या माणसासारखं दिसतं. दिगंबररावांनी त्यानंतर कुठल्याही कार्यक्रमात, कुणाच्याही हातून शाल घेतली नाही. "चोरीचा आळ आलेला माणूस आहे मी," असं ते गमतीत म्हणत. गमतीत म्हणत, पण दरवेळी म्हणत.

मागच्या वर्षी निखिलला इथल्या युनिव्हर्सिटीत नोकरी लागली आणि ती दोघं टोरांटोजवळचं ब्रॅम्प्टन सोडून आमच्याकडे राहायला आली. निखिल इंजिनिअर. गुणी मुलगा, पण भिंती ठोकून बघायची सवय. एका रविवारी त्याने पुस्तकांचं कपाट सरकवलं आणि भिंतीवर टकटक केलं.

"बाबा, इथे मागे पोकळ आहे. फायरप्लेस आहे का?"

"नाही. भिंत आहे."

"पण वर छतावर चिमणी दिसते."

"ती शोभेची आहे."

"शोभेची चिमणी?"

"जुन्या काळी लावायचे," मी म्हणालो.

केतकी ओरडली, "ओ माय गॉड, ओरिजिनल फायरप्लेस! बाबा, लेट्स ओपन इट!"

मंदाने स्वयंपाकघरातून भर घातली, "होती ना! मी नाशिकहून आले तेव्हा यांनी बंद करून टाकलेली. वारा येतो म्हणाले."

आता नाही म्हणण्यात अर्थ नव्हता. मी दुसरा मार्ग धरला: सुरक्षितता! मी घसा खाकरून म्हणालो, "उघडायची तर नीट उघडायची. इतक्या वर्षांची बंद चिमणी आहे. आत काय पडलंय, विटा निखळल्यात का, कोण जाणे! सर्टिफाइड इन्स्पेक्टरने तपासल्याशिवाय काडी ओढायची नाही." मला वाटलं, इन्स्पेक्टर मिळायला उन्हाळा उजाडेल.

"पुढच्या गुरुवारी येतेय," निखिल फोन ठेवत म्हणाला. "शेरिल नाव आहे तिचं. कॅमेरा घालून बघते."

कॅमेरा!

मी इन्शुरन्सचा मुद्दा काढला. त्याने लगेच इन्शुरन्सवाल्यांना विचारलं. मी म्हणालो, जुना रंग आहे, शिसं असेल. त्याने रंगाचा तुकडा तपासायला पाठवला. मी म्हणालो, कार्बन मोनॉक्साइड, वास नाही, रंग नाही, माणूस झोपेत जातो! त्याने संध्याकाळच्या आत प्रत्येक मजल्यावर अलार्म लावला. मी जे जे अडवायला म्हणून सांगत होतो, ते ते सगळं खरंच करायला हवं असं निघत होतं. आमच्या घरात माझा मान एकदम वाढला. "बाबा इज सो केअरफुल," केतकी म्हणाली. निखिलने तर स्वतःच्या वडिलांना फोन लावला. "पप्पा, बाबांकडून शिकण्यासारखं आहे."

पलीकडून दिगंबररावांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "वसंतरावांकडून? काय, माइक बंद ठेवायला?"

बुधवारी घर रिकामं होतं. निखिल-केतकी कामावर, मंदा सिनियर्सच्या योगाला. मी प्लायवूडचे स्क्रू काढले, आत शिरलो आणि वर हात घातला. बोटांना लोकर लागली. मी काठ धरून ओढलं. काही नाही. दोन्ही हातांनी ओढलं. काही नाही. पाय भिंतीला लावून ओढलं, आणि वरून जे आलं ती शाल नव्हती. ती होती शंभर वर्षांची काजळी, कुठल्याशा पक्ष्याचं घरटं, आणि माझ्या हातात सोनेरी काठाची बोटभर चिंधी! मी कसाबसा केर भरला, प्लायवूड परत लावलं, चिंधी खिशात कोंबली, आणि मंदा दारात उभी.

"अहो! हे काय?"

"काय?"

"तोंड बघा आरशात! कोळशाच्या खाणीत गेला होता का?"

"बार्बेक्यू साफ करत होतो."

मंदाने खिडकीबाहेर पाहिलं. बार्बेक्यूचा बर्फाखालून फक्त दांडा दिसत होता.

"जानेवारीत?"

"आत्ताच गर्दी नसते," मी म्हणालो आणि वॉशरूममध्ये गेलो.

गुरुवारी वादळ आलं. रस्ते बंद, शेरिलचा फोन: सोमवारी येते. मी देवाला न मानणारा माणूस, पण त्या वादळाला मनातल्या मनात हात जोडले. तीन-चार दिवस मिळाले. लांब दांड्याचा एखादा आकडा बनवावा, असा विचार करत शनिवारी संध्याकाळी खुर्चीत बसलो होतो, तर दार उघडून दिगंबरराव आत आले. अंगावर फरचा पार्का, आणि दोन्ही हातांत एकेक वांगं. जळगावची आठवण यावी अशी, बाळसेदार वांगी.

"कुठाय ती फायरप्लेस?" त्यांनी बूटही न काढता विचारलं. "वीस वर्षं इलेक्ट्रिक शेगडीवर वांगं भाजतोय. भाजतोय कसला, शिजवतोय! आज लाकडावरचं भरीत. निखिल, लाकडं आण."

"पप्पा, सोमवारी इन्स्पेक्शन आहे."

"आमच्या जळगावला शेतात काड्या पेटवून भरीत करतात. तिथे येते का शेरिल?"

"तिथे वर आकाश असतं, पप्पा. इथे चिमणी आहे, ती ब्लॉक असू शकते."

"एक कागद पेटवून बघू. धूर वर गेला तर मोकळी, नाही गेला तर बंद. सायन्स आहे!"

त्यांनी स्वतःच प्लायवूड उचकटलं. स्क्रू मीच ढिले लावले होते. एका ओढीत निघालं. निखिल "पप्पा, नको" म्हणत राहिला, पण वडिलांच्या हातून काडेपेटी काढून घेण्याचं शिक्षण आपल्या मुलांना मिळालेलं नसतं. केतकी फोनवर शूट करत होती. मंदा ताकाचा जग घेऊन आली. भरताबरोबर ताक हवंच!

आणि दिगंबररावांनी वर्तमानपत्राचा बोळा आत ठेवून काडी ओढली.

इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे, आणि ती शालींपेक्षाही वाईट आहे. त्या क्षणी माझ्या मनात आलं: पेटू दे. शाली जळतील, पुरावा जाईल, दिगंबररावांना कधीच कळणार नाही. हा विचार फार वेळ टिकला नाही, पण आला. मग मला दिसलं की धूर वर जाणारच नाही. तो खोलीत येईल. निखिल, केतकी, मंदा यांच्या नाकातोंडात. वर शालींनी पेट घेतलाच तर जुन्या विटा, जुनी लाकडं, सगळं घर. गेला आठवडाभर मी जे तोंडाने बडबडत होतो, त्यातला शब्द न् शब्द खरा होता!

कागद भुरुभुरु पेटला. धुराचं पहिलं वेटोळं झडपेपाशी गेलं, तिथे थांबलं आणि वळून आमच्याकडे आलं.

मी मंदाच्या हातातला जग हिसकावला आणि अख्खं ताक फायरप्लेसमध्ये ओतलं. फायरप्लेसमध्ये म्हणजे, निम्मं फायरप्लेसमध्ये. निम्मं दिगंबररावांच्या डोक्यावर-पाठीवर.

"वसंतराव!!" ते ताडकन उठले. कोथिंबीर कानावर.

"वर शाली आहेत!" मी ओरडलो.

नवा अलार्म बोंबलत होता. निखिलने खिडकी उघडली, अलार्म बंद झाला.

"काय आहेत?" दिगंबरराव हळूच म्हणाले.

"शाली."

"कसल्या शाली?"

मी खिशातून ती सोनेरी चिंधी काढून त्यांच्या हातात ठेवली. (बुधवारपासून मी ती पँट बदलली तरी नव्या पँटच्या खिशात घालत होतो. का, ते विचारू नका.) त्यांनी ती दिव्याजवळ नेली. उलटी केली, सुलटी केली. तोंडावरून ताक ओघळत होतं.

"या त्या?"

"त्याच."

"तुला माहीत होतं?"

"माइकवर नव्हतं माहीत. घरी आल्यावर आठवलं."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

मंदा मटकन खुर्चीत बसली. केतकीने फोन खाली केला. मी व्याह्यांच्या पाया पडायच्या तयारीत होतो. गुडघे परवानगी देतील का, एवढाच प्रश्न होता. दिगंबरराव माझ्याकडे पाहत राहिले. डोळ्यांत पाणी होतं, की धूर होता, मला माहीत नाही.

"वश्या," ते म्हणाले, "गाढवा!"

एवढ्या वर्षांनी 'वश्या' ऐकून मलाच खुर्ची शोधावी लागली.

"लोणचं सोडून आणल्या होत्या रे त्या! आईचं लोणचं! आणि तू धुराड्यात...?" त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. दिग्या हसत होता. हसता हसता तो खाली बसला, ताकातच बसला, आणि म्हणाला, "वारा तरी थांबला का?"

"पूर्ण," मी म्हणालो.

सोमवारी शेरिल आली. तिने बादल्या, ब्रश आणि आकडा काढला, खोलीभर कापड अंथरलं आणि एकेक शाल खाली ओढली. प्रत्येक शालीला दिग्या टाळ्या वाजवत होता. शेवटची निघाल्यावर शेरिलने विचारलं, हे काय आहे? केतकीने सांगितलं, "इट्स फॉर ऑनरिंग पीपल." शेरिलने काळ्या ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कॅमेरा उचलला.

तिने कॅमेरा वरपर्यंत नेला. आतल्या विटा जागोजाग निखळलेल्या होत्या. शाली नसत्या तरी अशा चिमणीत विस्तव घालणं जीवावर बेतलं असतं, असं ती म्हणाली. आतून स्टीलचा पाइप टाकावा लागला, छतावर जाळीची टोपी बसली, झडप नवी आली. हे सगळं व्हायला ऑक्टोबर उजाडला. मग निखिलने आधी झडप उघडली, अलार्म तपासले आणि आम्ही विस्तव केला. धूर सरळ वर गेला. दिग्याने वांगी भाजली. भरीत थोडं करपलं होतं. तरी सगळ्यांनी परत वाढून घेतलं.

दिग्याची एक अट होती. हे सगळं मी लिहायचं, आणि दोन्ही मंडळांच्या दिवाळी अंकांत छापायचं. ('गाढवा' हा शब्द त्याने मसुद्यात स्वतः तपासला.) मी म्हणालो, आता गैरसमज गेला, मंडळं एकच करून टाकू.

"मग अध्यक्ष कोण?" दिग्याने विचारलं.

आम्ही दोघांनी थोडा वेळ विचार केला. मंडळं दोनच आहेत.

पण त्याच्या मंडळाच्या पाडव्याला मी पाहुणा म्हणून जाणार आहे. शाली ड्रायक्लीनरकडे जाऊन आल्यात. रंग आता मरून नाही, जांभळट-काळा आहे. त्यातली एक मी त्याच्या खांद्यावर घालायची, असं ठरलंय, आणि तो ती घेणार आहे. माइक निखिल सांभाळणार.

राहता राहिला वारा. विस्तव नसला की नव्या धुराड्यातूनही गार झोत येतोच. शेरिलला विचारलं, तर ती म्हणाली, त्यासाठी बोळा मिळतो, खाली दांडी असलेला, वर घट्ट बसतो.

"कशाचा असतो?" मी विचारलं.

"लोकरीचा," ती म्हणाली. "लोकर उत्तम."

मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे पाहिलं. म्हणजे मी काळाच्या पुढे होतो! मंदाला, व्याह्यांना, सगळ्यांना ऐकवलं की चूक काही झाली नव्हती, फक्त दांडी राहिली होती.

निखिलने तो बोळा आणला, बसवला आणि विस्तव करण्यापूर्वी काढायला विसरू नये म्हणून त्याच्या दांडीला एक लाल पाटी टांगली. त्यावर केतकीच्या अक्षरात, मला चष्म्याशिवाय वाचता येईल इतकं मोठं, लिहिलंय: "आत बोळा आहे. आधी काढा. आहे की नाही, ते बाबांना विचारू नका."